एकविसाव्या दिवशी सोडलेलं बोट

माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट टोकाशी जरा खाली झुकलेलं आहे. फार नाही. नमस्कार करताना दिसतं, कुणाला रस्ता दाखवायला हात पुढे केला की दिसतं. नातवंडं विचारतात, तेव्हा मी सांगते की बाजेने मोडलं. ती हसतात. त्यांना वाटतं, मोडायचंच होतं तर बैलाने मारून मोडावं, विहिरीत पडून मोडावं, काहीतरी सांगण्यासारखं तरी व्हावं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरात्राची सातवी माळ होती. घर सारवून झालं होतं, गोधड्या धुऊन झाल्या होत्या, कंबर मोडायची तेवढी मोडून झाली होती. शेवटचं काम म्हणून अंगणात सैल झालेल्या बाजेची पायथ्याची दोरी मी ओढून घेत होते. दोरी हातातून निसटली आणि बोटाचं टोक सरळ बाजेच्या पायावर आदळलं. आवाजसुद्धा झाला नाही. मी बोट तोंडात घातलं, डाव्या हाताने उरलेली दोरी ओढली, गाठ मारली आणि मग पाहिलं. शेवटचं पेर मान टाकल्यासारखं लोंबत होतं. दुसऱ्या हाताने उचललं की वर यायचं, सोडलं की खाली. ते माझं ऐकतच नव्हतं.

बाकी कुठलंही बोट मोडलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. आमची अकोटच्या अलीकडे संत्र्याच्या कलमांची वाडी होती. जंबेरी नावाच्या रानलिंबाच्या रोपाच्या सालीला चाकूने एक आडवी आणि एक उभी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून काढलेला कोंबाचा डोळा तिच्या आत सरकवायचा आणि वरून केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, ओली पट्टी बांधायची. याला डोळे भरणं म्हणतात. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की हे काम सुरू होतं आणि संक्रांतीच्या आसपास संपतं. चीर पुरुषांनी द्यायची आणि पट्टी बायांनी बांधायची, असा आमच्याकडचा रिवाज. लग्न होऊन आल्यापासून सहा हंगाम मी पट्ट्याच बांधत होते. ओणव्याने, एका ओळीमागून दुसरी ओळ.

माझे सासरे डोळे भरण्यात नावाजलेले होते. त्यांनी भरलेला डोळा वाळत नाही असं लोक म्हणायचे, आणि त्यांनाही ते ऐकायला आवडायचं. पण त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाची बशी वाजायची. आमच्या ह्यांचा हात नांगराचा, चीर द्यायला गेले की चाकू थेट लाकडात. शेवटी आदल्या हंगामात, मजूर बाया जेवायला बसल्या की सासरे मला कुंपणाकडच्या ओळीत न्यायचे आणि शिकवायचे. चाकूच्या पाठीवर पहिल्या बोटाचं टोक ठेवायचं, दाब त्या टोकाने द्यायचा, मनगटाने नाही. साल कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं ते बोटाच्या टोकालाच कळतं. मी भरलेले डोळे हिरवे राहिले. तेव्हा ते म्हणाले, "येत्या सालाले पह्यल्या दिवसापासून चाकू तुह्या हाती. कोनाले काय म्हनाचं थे म्हनू दे."

सगळ्यांसमोर, पहिल्या दिवसापासून. असं मला आयुष्यात कुणी काही दिलं नव्हतं. आणि ते बोट लोंबत होतं.

दोन दिवसांनी सासरे मला एसटीने अकोल्याला घेऊन गेले. मी त्यांना मामाजी म्हणायची. हाडाचे डॉक्टर पुण्याकडचे होते, बोलायला मऊ, आमचं बोलणं ऐकून जरा दचकणारे. त्यांनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरून दाखवला. बोटाच्या शेवटच्या सांध्याशी, वरच्या अंगाला, हाडाचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा सुटला होता. बोट सरळ करणारी शीर त्या तुकड्याला धरलेली असते, म्हणून पेर पडलं, असं ते म्हणाले. त्यांनी पत्र्याची एक पट्टी कापली, आत कापूस घातला, बोटाखाली लावून वरून चिकटपट्टी गुंडाळली.

"सहा आठवडे," ते म्हणाले. "या काळात हे टोक एकदाही वाकता कामा नये. पट्टी बदलायची तर बोट टेबलावर सपाट ठेवून बदलायची. एकदा जरी खाली पडलं, तरी मोजणी पहिल्यापासून."

मी बसमध्ये मोजलं. सहा आठवडे म्हणजे बरोबर डोळे भरण्याच्या सुरुवातीला हात मोकळा. जमत होतं.

घरी आलो तर खंडेनवमीची पूजा खोळंबली होती. विळे, कुदळी, फावडी धुऊन मांडली होती. मामाजींनी पेटीतून चाकू काढून मधोमध ठेवला, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि मग मला म्हणाले, "हात ठेव इथं." मी ठेवला. त्यांनी पत्र्याच्या पट्टीवरही कुंकवाचं बोट लावलं. ते थरथरत होतं, त्यामुळे माझ्या मनगटापर्यंत कुंकू सांडलं. मला हसू आलं आणि रडूही आलं.

तसं हे मोडणं आमच्या माहेरला नवीन नव्हतं. माहेर अमरावतीचं, भाजीपाला आणि फुलं पिकवून विकणारं. माझा मोठा भाऊ, दादा, तिथे शाळेत मास्तर होता. चारेक वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल त्याच्याही पहिल्या बोटाच्या टोकावर आदळला आणि अगदी हेच झालं. त्याने ऑपरेशन करून घेतलं. बोटाच्या टोकातून तार घातली, ती सांध्यातून आरपार नेली आणि काही आठवड्यांनी ओढून काढली. मध्ये पू झाला, ताप आला, आई महिनाभर देवापुढे बसली. बोट मात्र सरळ झालं. इतकं सरळ झालं की नंतर ते टोक कधी वाकलंच नाही. नखही खडबडीत आलं. दादा ते बोट मिरवायचा. त्याच्या मते तो अमरावतीतला पहिलाच तारवाला होता.

पहिले तीन आठवडे कसे गेले ते मला आठवतं, कारण ते जातच नव्हते. भाकरी थापताना एक बोट वर. भांडी घासताना एक बोट वर. विहिरीवर दोर ओढताना, लुगड्याचा काष्टा घालताना, वेणी घालताना तेच. शेजारणी म्हणायच्या, "सूनबाई साऱ्याइले बोट दाखवून राह्यली." पहिल्यांदा मी हसले. विसाव्यांदा ऐकलं तेव्हा अंगात आग लागली. पट्टीखाली खाज सुटायची. घामाचा वास यायचा. काम कुणी कमी केलं नव्हतं, फक्त प्रत्येक कामाला दुप्पट वेळ लागत होता, आणि एका बोटाचा शीण सगळ्या अंगात भरला होता.

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. मी फराळाचं आवरत होते. मामाजी ओसरीवर बसले होते, पुढ्यात कोमट पाण्याचं गंगाळ आणि तेलाची वाटी. त्यांनी मला हाक मारली.

"बाई, आज एकवीस झाले."

"कायचे मामाजी?"

"तुह्या बोटाचे. बांध सोडाचा दिवस हाय."

मला कळलं त्यांना काय म्हणायचं होतं. डोळा भरला की एकवीस दिवस पट्टीला हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी मात्र सोडायचीच. तोवर डोळा धरलेला असतो, आणि पट्टी तशीच राहिली तर वाढणाऱ्या खोडात रुतते, रस वर जात नाही, डोळा गुदमरून मरतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. एकवीस हा आकडा त्यांच्या रक्तात होता.

"डॉक्टरनं सहा हप्ते सांगतले ना," मी म्हटलं.

"त्याले काय, थो लिवून देते. पाह्य कसं पांढरं पडून राह्यलं. गळफास बसला. आता सोडलं नाई तर आतून सडन."

पट्टीच्या कडेने कातडी खरोखरच पांढरी पडली होती, सुरकुतली होती. पण खरं सांगायचं तर मी काही त्यांच्या बोलण्याला फसले नाही. डॉक्टरचं बोलणं मला शब्द न् शब्द पाठ होतं. मी हात पुढे केला तो वेगळ्याच कारणाने. लग्नाला सात वर्षं होत आली होती. त्या घरात मी किती दिवस आजारी, किती दिवस उपाशी, किती दिवस माहेरी गेले नाही, हे कुणी कधी मोजलं नव्हतं. आणि हा माणूस ओसरीवर बसून माझ्या बोटाचे दिवस मोजत होता. त्याला नाही म्हणायचं मला सुचलं नाही. शिवाय मी थकले होते. कुणीतरी ते सोडावं असं मलाही वाटत होतं.

त्यांनी चिकटपट्टी अगदी हळू सोडली, डोळ्यावरचं सोपट सोडतात तशी. पत्रा बाजूला केला. क्षणभर बोट सरळ राहिलं. मामाजींचा चेहरा उजळला. "पाह्य, धरलं," ते म्हणाले. मग त्यांनी बोटाला तेल लावलं, पेर चोळलं, जरा खाली वाकवून पाहिलं. पेर खाली गेलं आणि पुन्हा वर आलं नाही.

त्यांनी ते दोन बोटांनी उचललं. सोडलं. पुन्हा उचललं. मग वाटीतलं उरलेलं तेल तसंच ठेवून ते उठून वाडीत गेले. पूजेच्या वेळेलाच परत आले.

मी तोच पत्रा तीच चिकटपट्टी गुंडाळून बोटाला परत लावला, पण आता त्याला काही अर्थ नव्हता.

भाऊबीजेला दादा अमरावतीहून आला. ओवाळताना त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, ताट खाली ठेवायला लावलं आणि सगळं विचारून घेतलं. मी पट्टी आपोआप सुटली म्हणून सांगितलं. तो मास्तर होता, त्याला पोरांचं खोटं रोज ऐकायची सवय होती.

"हे पट्टीबिट्टीचं काम नाही," तो म्हणाला. शाळेत लागल्यापासून तो शुद्ध बोलायचा, रागावला की घसरायचा. "माझ्यासोबत चाल. अमरावतीत तार टाकून घेऊ. तार कोणी सोडून पाहू शकत नाही. माझं पाह्य, हाय का नाई सरळ?" आणि त्याने आपलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

मी त्या बोटाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्याला पानसुपारीचं तबक दिलं आणि तो सुपारी कशी उचलतो ते बघत राहिले. अंगठा आणि मधलं बोट. पहिलं बोट ताठ उभं, पाहुण्यासारखं, कामाला हात न लावणारं. जेवतानाही तसंच. खडूसुद्धा तो दुसऱ्याच बोटांत धरत असणार.

दुसऱ्या दिवशी मामाजी आणि मी पुन्हा अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडण्याआधीच विचारलं, "हे कुणी उघडलं?"

मामाजी दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी तोंड उघडलेलं मला दिसलं.

"म्याच सोडलं," मी म्हटलं. "खाज सुटली होती."

डॉक्टरांनी मग मला फैलावर घेतलं. शिकलेली दिसत नाही, बायकांना धीर नसतो, सांगितलेलं एका कानाने ऐकायचं, असं बरंच. मी ऐकून घेतलं. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. मग ते शांत झाले, आणि मी ऑपरेशनचं विचारलं. त्यांनी खुर्चीत मागे टेकून खरं ते सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

"करता येईल. तार घातली तर तुकडा जागेवर नीट बसण्याची शक्यता आहे. पण वेळ तिकडेही तेवढाच जातो. वर पू होऊ शकतो, नख बिघडू शकतं, सांधा आखडू शकतो. पट्टीने टोक थोडं खाली राहील, कदाचित वर एक टेंगूळ राहील. पण मूठ मिटेल. शेवटी दोन्हीकडची बोटं मी पाहिली आहेत, बाई. फार फरक नसतो. तुम्हाला या बोटाने करायचं काय आहे ते सांगा."

ते विचारणारा तो पहिलाच माणूस. मी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि डाव्या हाताने उजव्या हातात चाकूसारखी बसवून दाखवली. टोक पाठीवर, दाब टोकाने. दादासारखं ताठ धरलं तर बोट तिथे बसतच नव्हतं. वाकलेलं बसत होतं.

"पट्टीच लावा," मी म्हटलं.

या खेपेला डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितले. म्हणजे थेट पौषात. यंदा चाकू माझ्या हातात येणार नव्हता, हे मला त्या खोलीतच कळलं.

अकोटच्या बसमध्ये मामाजी खिडकीकडे तोंड करून बसले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "खोटं कावून बोलली?"

"तुमचं नाव हाय मामाजी. मह्या बोटापायी कायले जावं?"



थंडी पडली. डोळे भरायची वेळ झाली. आमचे हे म्हणाले, अंजनगावहून कुणी हात बसलेला माणूस आणू, चाकू त्याच्याकडे देऊ. मामाजींनी ऐकलं नाही. चाकू त्यांनी स्वतःकडे घेतला. सकाळी धुकं असताना जायचे आणि ओळीत बसायचे. मी मागून पट्ट्या बांधायची, डाव्या हाताने आणि उजव्याच्या उरलेल्या बोटांनी. त्यांची चीर लाकडात उतरत होती, ते मला दिसत होतं. डोळा काढताना त्याची साल फाटत होती, तेही दिसत होतं. त्यांनाही दिसत असणारच. ते चिरत जायचे आणि मी बांधत जायची. मला तेव्हा त्यांचा संताप यायचा. वाटायचं, म्हातारा हट्टाला पेटला, थरथरत्या हाताने वर्षाचं पीक मारणार आणि वर मला साक्षीला बसवणार. मेल्या त्या एकविसाचा राग होताच. आता हा नवा.

पौषात पट्टी सुटली. डॉक्टरांनी बोट वर-खाली करून पाहिलं. टोक जरासं खालीच राहिलं होतं, पण ते माझं ऐकत होतं. मी मूठ मिटली. पुरी मिटली.

त्या दिवशी दुपारी वाडीत गेले तर मामाजी ओळीच्या टोकाशी बसले होते. त्यांनी खिशातून चाकू काढून माझ्या पुढ्यात धरला. "घे. तुहाच होता. दुसऱ्या कोनाच्या हाती गेला असता तं मंग वापस मांगता आला नसता."

मी घेतला. तेव्हा मला कळलं की दीड महिना चालला तो हट्ट नव्हता. त्यांनी माझी जागा धरून ठेवली होती. त्यांच्याकडे ती धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून आपलं नाव गहाण ठेवलं.

मग मी ओळीकडे पाहिलं. पहिल्या ओळींना एकवीस केव्हाच होऊन गेले होते. बांध तसेच होते. काही पट्ट्या सालीत रुतायला लागल्या होत्या.

"मामाजी, हे सोडले कावून नाई?"

"तू सोड," ते म्हणाले. "मी आता काईच सोडत नाई."

मी खाली बसले आणि सोडायला लागले. पहिला डोळा काळा. दुसरा काळा. तिसरा बोट लावताच गळून पडला. चौथा, पाचवा, सहावा. ज्या माणसाचा डोळा वाळत नाही म्हणत, त्याची अख्खी ओळ मी एका दुपारी उघडली आणि त्यात हिरवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. ते माझ्या शेजारी बसून बघत होते. एकदाही उठले नाहीत.

हंगामाचे थोडे दिवस उरले होते. साल अजून सुटत होती. मी पहिलं रोप पकडलं, काळ्या डोळ्याच्या वरच्या बाजूला नवी जागा पाहिली आणि चाकूच्या पाठीवर बोट ठेवलं. झुकलेलं टोक नीट बसलं. चीर बसली, साल उचलली गेली, डोळा आत सरकला. मागे पट्टी बांधायला बाया नव्हत्या, त्या घरी गेल्या होत्या. मामाजींनी टोपलीतलं ओलं सोपट उचललं आणि खाली वाकून स्वतः बांधायला घेतलं. हात थरथरत होते, त्यामुळे गाठ बसायला वेळ लागला. मी थांबले.

गाठ मारून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं सगळ्या पंचक्रोशीला शिकवलेल्या त्या माणसाने मला विचारलं, "हे कधी सोडाचं, बाई?"

"एकवीस दिवसानं, मामाजी," मी म्हटलं. "झाडाचे एकवीसच."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रोपासाठी सोपट काढलं.